पलटणीचे कालवण

वाचकहो, भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला एखादा शब्द अडला की त्याला जेवण गोड लागत नाही. माझ्या बाबतीत मात्र एका जेवणाचाच शब्द अडला, आणि तो सोडविण्यासाठी लेखणी खाली ठेवून पळी हाती घ्यावी लागली. त्या खटाटोपात मला शब्द तर सापडलाच. पण त्यासोबत माझ्या आईने पन्नास वर्षे मनात ठेवलेली एक गोष्टही हाती आली. तीच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

यजमानांच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड जयपुरास आहे. बी. ए. झाल्यापासून मी हिंदी व इंग्रजी मजकुराचे मराठी भाषांतर आणि संपादन करते. मागील हिवाळ्यात कोरियातील घरगुती स्वयंपाकावरचा एक लेख भाषांतरासाठी आला. त्यात डबाबंद मांस, बटाटे आणि तिखट यांच्या एका पदार्थाचे वर्णन होते. त्याचे नाव ‘बुदे-जिगे’. ‘बुदे’ म्हणजे सैन्याची तुकडी आणि ‘जिगे’ म्हणजे भाताबरोबर खाण्याचा, चुलीवरून उकळत उकळतच पानाशी यावा असा दाटसर रस्सा. ‘लष्करी आमटी’ लिहिले तर ती थट्टा वाटे. ‘सैनिकी रस्सा’ लिहिले तर खाणावळीच्या पाटीवरील मजकूर वाटे. लेख सोमवारी द्यावयाचा होता आणि त्या दिवशी शुक्रवार होता. जो पदार्थ आपण खाल्ला नाही त्याचे नाव आपण कोणत्या तोंडाने ठेवावे, असा विचार करून मी तो करून पाहावयाचे ठरविले.

पदार्थाचा इतिहास प्रथम सांगितला पाहिजे. त्यावाचून त्याची चव कळावयाची नाही. 25 जून 1950 रोजी कोरियात युद्ध पेटले आणि 27 जुलै 1953 रोजी युद्धविराम झाला. या युद्धाशी आपलाही संबंध आला होता. भारताने तेथे लढण्यासाठी सैन्य धाडले नाही. जखमींच्या शुश्रूषेसाठी ले. कर्नल रंगराज यांच्या हाताखाली 60 वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक 1950 साली पाठविले. युद्धविरामानंतर, मायदेशी परत जाऊ न इच्छिणाऱ्या युद्धकैद्यांच्या रक्षणासाठी जे भारतीय सैन्य गेले त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचेच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. तेव्हा त्यांना इंचॉनच्या बंदरात जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले.

युद्ध संपले, पण शेते उजाड झाली होती. अन्न विपुल होते ते फक्त अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत. तेथील भोजनगृहातील उष्टे-खरकटे बाहेर विकले जाई आणि ते पुन्हा उकळून लोक खात. त्यात कधी सिगारेटचे थोटूकही निघे. या पेजेला लोकांनीच ‘क्कुल-क्कुरी-जुक’ असे नाव दिले होते. त्याचा अर्थ डुकरांची पेज. पुढे छावणीतून डबाबंद मांस, सॉसेज आणि शिजविलेल्या शेंगांचे डबे गुपचूप बाहेर येऊ लागले. हा व्यापार बेकायदा होता, तरी तो चाले. सोलच्या उत्तरेस उइजंग्बू नावाचे गाव आहे. तेथे छावण्या पुष्कळ होत्या. या गावातील बायकांनी त्या परक्या मांसात आपले आंबविलेले तिखट, आपला कोबी, आपला लसूण घातला आणि एक नवा पदार्थ उभा केला. तेथे 1960 मध्ये सुरू झालेली ‘ओदेंग सिकदांग’ ही खाणावळ या पदार्थासाठी नावाजली, आणि आज त्या गावात याच रश्श्याच्या खाणावळींची एक सबंध गल्ली आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन 1966 मध्ये कोरियास येऊन गेल्यावर त्याला कोणी ‘जॉन्सन-थांग’ असेही म्हणू लागले. खाणावळीत त्यात शेवया, चीज, शेंगा असे बरेच काही पडते. घरोघरी मात्र एक डबा मांस, चार बटाटे आणि पळीभर तिखट एवढ्यावर काम भागते. माझ्याकडे आलेल्या लेखात हाच घरगुती प्रकार होता.

आता डब्याविषयी. डब्यात अन्न टिकविण्याची विद्याच मुळी सैन्यासाठी जन्मास आली. नेपोलियनच्या काळात फ्रान्सच्या निकोला आपेर याने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, बुचे घट्ट लावून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत काढली आणि 1810 मध्ये सरकारकडून त्याबद्दल बक्षीस मिळविले; त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले. ‘स्पॅम’ हा डुकराच्या मांसाचा प्रसिद्ध डबा अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने 1937 मध्ये काढला आणि दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांबरोबर जगभर गेला. गंमत अशी की, कोरियात 1987 पासून तो तेथेच तयार होतो आणि ‘छुसक’ या सुगीच्या सणाला लोक एकमेकांना त्याचे डबे सुरेख खोक्यात घालून भेट देतात. एके काळी छावणीच्या कुंपणाबाहेर चोरून घेतलेली वस्तू आज आहेराच्या पाटात बसली आहे.

आमच्या घरी डुकराचे मांस खात नाहीत. म्हणून मी राजापार्कातील एका मोठ्या दुकानातून कोंबडीच्या मांसाचा तसाच डबा आणला. कोरियन तिखट, ज्याला ‘गोचुजांग’ म्हणतात, ते त्या दिवशी मिळाले नाही. हे तिखट म्हणजे मिरचीपूड, चिकट तांदळाचे पीठ, आंबविलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ एकत्र मुरवून केलेला दाट लाल लगदा होय. त्याच्या बदली मी छोट्या चौपडीजवळच्या मसालेवाल्याकडून मथानियाच्या सुक्या मिरच्या घेतल्या. जोधपूरजवळच्या मथानिया गावाची ही मिरची रंगाला गडद असते, आणि येथील ‘लाल मांस’ तिच्याच जिवावर लाल होते. ती कोमट पाण्यात भिजवून वाटली, त्यात गुळाचा खडा आणि चमचाभर सोयाबीनचा सॉस घातला.

शनिवारी दुपारी मी डबा उघडून मांसाचा गुलाबी ठोकळा ताटलीत पालथा केला. त्याच वेळी आई स्वयंपाकघरात आली. आई माझ्याकडेच असते. तिचे माहेर मंगळवेढ्याकडचे. ती मटण उत्तम करते. मांसाचा तिला विटाळ नाही. परंतु त्या डब्याकडे पाहून ती दारातच थांबली.

“हे कुठनं आलं?” तिने विचारले.

“दुकानातून आणलं. परदेशी पद्धतीचं आहे.”

“परदेशी,” ती म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

त्या दिवशीचे माझे कालवण फसले. डबाबंद मांसात मीठ भरपूर असते, हे ठाऊक असूनही हाताच्या सवयीने मी पाण्याला आधण येताच मीठ टाकले. रस्सा तोंडात धरवेना. बटाटा खारटपणा ओढून घेतो असे आपल्याकडे समजतात. मी आणखी दोन बटाटे चिरून घातले, पण खरा उतार पडला तो आणखी तीन वाट्या पाणी वाढविल्यावर, आणि मग तिखट पांचट झाले. यजमानांनी सौजन्याने दोन घास खाल्ले. मुलीने पापड मागितला. आईने पान वाढूच दिले नाही. तिने दही-भात खाल्ला.

रात्री ओटा आवरताना तिने रिकामा डबा उचलून पाहिला आणि आपण होऊनच बोलू लागली.

1972 सालच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार. तेथील काळ्या रानातील शाळू सोलापूर जिल्ह्याबाहेरही नावाजलेला. माझ्या आजोबांच्या खळ्यावरून सुगीत बलुतेदार सुपे भरून नेत. त्या वर्षी खळेच झाले नाही. सरकारी धान्य दुकानात अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळू लागली. तिला सारे ‘मिलो’ म्हणत. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना गोडसर सुकडी वाटली जाई. आजोबा रांगेत उभे राहिले नाहीत. ज्यांच्या दारात इतरांनी सूप धरले, त्यांना पिशवी धरणे जमेना. म्हणून पिशवी आईच्या हाती आली.

“मी रोज डोक्यावर पदरासारखं फडकं घेऊन जायची,” आई म्हणाली. “ओळखू नये कुणी म्हणून. सगळं गावच रांगेत होतं, कोण कुणाला ओळखणार? पण मी घ्यायची. त्या भाकरीला चिरा पडायच्या. आई कणगीतल्या तळाचा मूठभर शाळू दळून त्यात मिसळायची. म्हणायची, आपली मूठ पडली की आपली भाकरी.”

“मग आबा खायचे?”

“खायचे. पण शाळूची म्हणून.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मला जे विचारले ते त्या लेखात कोठेही नव्हते. “त्या बायकांना लाज नाही का वाटली गं, दुसऱ्याच्या छावणीतलं शिजवायला?”

मी तिला डुकरांच्या पेजेची गोष्ट सांगितली. लाज वाटली असलीच पाहिजे. नाही तर लोकांनी स्वतःच्या अन्नाला असे नाव का द्यावे? तिने ते नाव दोनदा ऐकले आणि म्हणाली, “आम्ही निदान नाव तरी नव्हतं ठेवलं.”

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी दोन देशांतील उपासमार तराजूत घालीत नव्हते. ते कोणीच करू नये. मनात एकच प्रश्न होता. मिलो आमच्या घरातून अशी नाहीशी झाली की, तिचे नावही मी आईच्या तोंडून प्रथमच ऐकले. आणि कोरियातील ती पेज मात्र रूप पालटून सणाच्या पाटापर्यंत पोहोचली. असे का व्हावे?

रविवारी सकाळी शेजारच्या भाभीजी वाटीभर केर-सांगरी घेऊन आल्या. त्यांच्याकडे लग्नघर होते. केर-सांगरीशिवाय येथले लग्नाचे जेवण पुरे होत नाही. केर म्हणजे वाळवंटी झुडपाची आंबट-तुरट फळे आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला जिचे पूजन करतो ती शमीच. हिरवी भाजी न मिळणाऱ्या प्रदेशात या शेंगा वाळवून वर्षभर ठेवीत. भाभीजी आईला सांगू लागल्या की, त्यांच्या आजीच्या तोंडी छप्पनिया काळाच्या गोष्टी असत. विक्रम संवत 1956 मधील, म्हणजे 1899-1900 चा तो दुष्काळ. तेव्हा माणसांनी खेजडीच्या सालीसुद्धा दळून खाल्ल्या. आणि त्याच झाडाच्या शेंगा आज सुक्या मेव्याच्या भावाने विकल्या जातात व पाहुण्याला आग्रहाने वाढल्या जातात. आईने वाटीतील एक शेंग उचलून तोंडात टाकली आणि बराच वेळ चावीत राहिली. दुपारी ती मला म्हणाली, “तुझं ते काल बिघडलेलं, पुन्हा कर. मीठ मी बघते.”

दुसऱ्या खेपेस यजमानांनी शोधून गोचुजांगचा लाल डबाही आणला. या वेळी जमलेली कृती चार माणसांसाठी सांगते.

सुमारे 340 ग्रॅमचा मांसाचा एक डबा, मध्यम आकाराचे चार बटाटे, एक मोठा कांदा, पाव गड्डा कोबी, सात-आठ लसणीच्या पाकळ्या, चार-पाच कांद्याच्या पाती, दोन मोठे चमचे गोचुजांग, एक चमचा मिरचीपूड आणि एक चमचा सोयाबीनचा सॉस एवढे साहित्य पुरे. पाण्याऐवजी तांदळाचे धुवण चार वाट्या घ्यावे. पहिले धुवण टाकून द्यावे व दुसरे ठेवावे. कोरियन गृहिणी असेच करतात. त्यातील पिठुळ अंशाने रस्सा मिळून येतो. आईने हे ऐकले आणि तिचा चेहरा प्रथमच उजळला, कारण धुवण वाया घालविणे तिलाही कधी आवडले नाही.

मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून पातेल्यात तेल न घालता मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतावेत. त्यांची चरबी सुटते व कडा खरपूस होतात. त्याच चरबीत कांदा, लसूण आणि जाड फोडी केलेले बटाटे परतावेत. मग तिखटाचा लगदा व मिरचीपूड घालून अर्धा मिनिट हलवावे. अधिक वेळ ठेवल्यास लगद्यातील गोडी करपते. त्यावर धुवण ओतून उकळी आणावी आणि झाकण तिरके ठेवून पंधरा मिनिटे शिजू द्यावे. बटाट्याच्या कडा विरघळू लागल्या की रस्सा आपोआप दाटतो. मग कोबी व सॉस घालून पाच मिनिटे ठेवावे आणि शेवटी पात भुरभुरावी. मीठ घालण्यापूर्वी चव घ्यावी. बहुधा ते लागतच नाही. मथानियाचे तिखट वापरणाऱ्यांस रंग व झणका उत्तम मिळेल; पण आंबविल्याने येणारी खोल चव त्यात येणार नाही, हे आधीच जाणून असावे.

दोन सूचना गृहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. फुगलेला, गळणारा वा खोल चेपलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आणि उघडलेल्या डब्यात उरलेले मांस तसेच न ठेवता काचेच्या भांड्यात काढून थंड कपाटात ठेवावे. हे अन्न रोजचेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2015 मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केला आहे, आणि त्यातील मीठही पुष्कळ असते. टंचाईतून जन्मलेला पदार्थ सुबत्तेत क्वचितच करावा.

रात्री पाने मांडली. मी भात केला होता. आईने मात्र येथील रीतीप्रमाणे बाजरीची भाकरी थापली. तिने वाटीतील रस्सा ताटात ओतला, त्यात भाकरी कुस्करली, एक बटाटा बोटांनी फोडला आणि सगळे एकत्र कालविले. पहिला घास घेऊन ती काही बोलली नाही. दुसरा घेऊन म्हणाली, “झणका चांगला आहे. बटाटा आपल्यासारखाच लागतो.”

मला हसू आले. ‘आपला’ बटाटा! तो दक्षिण अमेरिकेतून निघाला आणि त्याचे नावही आपण पोर्तुगीजांकडून घेतले. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली; तिच्याशिवाय ना कोल्हापूरचा तांबडा रस्सा लाल होता ना जयपूरचे मांस. कोरियातही मिरची बाहेरूनच गेली. परक्याकडून आलेले अन्न म्हणजे परके अन्न नव्हे, हे आपल्या फोडणीलाच ठाऊक आहे. पण ते आपले होण्यासाठी आपल्या घरातील कोणाची तरी मूठ त्यात पडावी लागते. उइजंग्बूच्या बायकांनी आपले तिखट घातले. माझ्या आजीने मूठभर शाळू घातला होता. फरक एवढाच की, त्यांनी आपले तिखट उघड्यावर घातले, आणि आमच्या घरी ती मूठ दार लोटून घातली गेली. दोघींच्या कर्तृत्वात मला उणे-अधिक दिसत नाही.

“आजी, मिलोची भाकरी कशी लागायची?” मुलीने विचारले. तिने आमचे आदल्या रात्रीचे बोलणे ऐकले असावे. मी आईकडे पाहिले. तिने घास खाली ठेवला नाही.

“भुकेला गोड लागायची,” ती म्हणाली. “तुझ्या पणजीनं त्यात शाळू घातला होता ना.” आणि मग कणगी, खळे, रांग, डोक्यावरचे फडके, हे सारे तिने नातीला पहिल्यापासून सांगितले, जे मला सांगावयास तिला इतकी वर्षे लागली होती.

मी तिच्या ताटाकडे पाहत होते. भाकरीशी कालवून खातात ते कालवण. त्यात काय पडले आहे हे तो शब्द विचारीत नाही. कोणाच्या तरी हाताने ते एकजीव झाले आहे, एवढेच तो सांगतो. जेवण उरकल्यावर मी लेख पुन्हा काढला आणि मोकळ्या ठेवलेल्या जागी ‘पलटणीचे कालवण’ असे लिहिले. सोमवारी मजकूर वेळेवर गेला.

आईने तो रिकामा डबा धुऊन, कडा ठोकून बोथट केल्या आणि त्यात तुळशीचे रोप लावले. आमच्या सज्जात ते आता चांगले धरले आहे.